राज्यपालांची नेमणूक आणि व्यापारावरील कर : मावळच्या निमित्ताने एक अभ्यास

पुणे जिल्ह्यातील मळवली स्थानकापासून थोड्याच अंतरावर कार्ल्याची लेणी आहेत. चैत्यगृहाचे भव्य स्तंभ आणि काष्ठाची कमान पाहण्यासाठी तेथे दरवर्षी असंख्य प्रवासी येतात. तथापि तेथील शिलालेखांकडे लक्ष देणारे विरळाच. या लेखांपैकी एक लेख सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्यारोहणाच्या सातव्या वर्षीचा, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आहे. महारठी सोमदेव याने वलुरक लेण्यांतील भिक्षुसंघास एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. दान नुसत्या जमिनीचे नव्हते. गावावरील नित्य व नैमित्तिक कर आणि तेथून मिळणारे ठरीव व वाट्याचे उत्पन्न, असे सर्व मिळून ते संघाच्या हवाली केले गेले. कर बसवणारा कोण, सोडून देणारा कोण आणि त्याचा विनियोग करणारा कोण, या तीन प्रश्नांचे उत्तर त्या दगडावर कोरून ठेवलेले आहे. कर देणाऱ्या गावकऱ्याला विचारले होते की नाही, हे मात्र लेखात नाही. त्या काळी तसे विचारण्याची रीतही नव्हती.

आज त्याच मावळात, लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीचे दुकान चालवणाऱ्या व्यापाऱ्याला वस्तू व सेवा कर, व्यवसाय कर, आयकर आणि दुकानाच्या इमारतीवरील मालमत्ता कर असे चार निरनिराळे कर भरावे लागतात. चारांचेही दर ठरवणारी सत्ता वेगवेगळी आहे. राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसवता येत नाही, आणि कायदा करणारे लोक मतदारांनीच निवडलेले असतात. असे असूनही एखादा कर जाचक वाटला की गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे याविषयी सुशिक्षित वर्गातही बराच गोंधळ आढळतो. नगरसेवकाला वस्तू व सेवा कराबद्दल आणि आमदाराला घरपट्टीबद्दल जाब विचारला जातो. काही जण तर थेट राज्यपालांना निवेदन पाठवून मोकळे होतात. म्हणून राज्यपालांपासूनच आरंभ करणे सोयीचे होईल.

राज्यपाल निवडून का येत नाहीत?

अमेरिकेतील पन्नास घटक राज्यांच्या प्रमुखास गव्हर्नर म्हणतात आणि आपल्याकडेही इंग्रजीत राज्यपालांस हाच शब्द आहे. दोन पदांमधील साम्य मात्र जवळजवळ या शब्दापुरतेच आहे. अमेरिकेत गव्हर्नर हा मतदारांनी प्रत्यक्ष निवडलेला शासनप्रमुख असतो. त्याआधी बहुतेक ठिकाणी पक्षाचा उमेदवार कोण असावा हेही पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मतदारच ठरवतात. न्यू हॅम्पशायर व व्हरमाँट या दोन राज्यांत दर दोन वर्षांनी आणि इतरत्र दर चार वर्षांनी ही निवडणूक होते. राज्याचा अर्थसंकल्प गव्हर्नर सादर करतो, विधिमंडळाने संमत केलेले विधेयक तो नाकारू शकतो. म्हणूनच तेथील प्रचारात कंपन्यांच्या उत्पन्नावर राज्याने कर घ्यावा की नाही, छोट्या धंद्यांना किती सवलत द्यावी, हे प्रश्न हिरिरीने मांडले जातात. आपल्याकडे या चर्चेची जागा विधानसभेच्या निवडणुकीत आहे. कारण आपल्याकडे गव्हर्नरचे काम मुख्यमंत्री करतात.

हे असेच व्हावयाचे होते, असे मात्र नाही. घटना समितीने प्रांतांच्या घटनेचा विचार करण्यासाठी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट जनतेने निवडावा, अशी तिची शिफारस होती व जुलै १९४७ मध्ये घटना समितीने ती स्वीकारलीही होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात त्याला एक पर्याय जोडण्यात आला. विधिमंडळाने चार नावांची यादी निवडून द्यावी आणि त्यातील एकाची राष्ट्रपतींनी नेमणूक करावी, असा तो पर्याय होता. अखेर ३१ मे १९४९ रोजी दोन्ही पद्धती बाजूस ठेवून राष्ट्रपतींनी राज्यपाल नेमावा, ही ब्रजेश्वर प्रसाद यांची दुरुस्ती संमत झाली.

मधल्या दोन वर्षांत असे काय घडले? देशाची फाळणी झाली होती, संस्थानांचे विलीनीकरण चालू होते. प्रांताप्रांतांत स्वतंत्र लोकमान्यतेचे राज्यपाल निर्माण झाले तर फुटीर वृत्तीस बळ मिळेल, अशी धास्ती पंडित नेहरूंसह अनेकांना वाटत होती. याहून महत्त्वाचा मुद्दा रचनेचा होता. मुख्यमंत्री विधानसभेला जबाबदार आणि राज्यपाल थेट जनतेला जबाबदार, अशी दोन सत्ताकेंद्रे एकाच राज्यात उभी राहिली असती तर मतभेदाच्या प्रसंगी शेवटचा शब्द कोणाचा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मांडणीचा रोख असा होता की, ज्या पदाला स्वतःच्या विवेकाने करावयाची कामे फारशी नाहीत, त्यासाठी साऱ्या प्रांतभर निवडणुकीचा खटाटोप व खर्च करण्याचे प्रयोजन नाही. हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. मात्र तो खरा ठरण्यासाठी राज्यपालांनी खरोखरच मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागले पाहिजे, ही अट त्यात गृहीत आहे.

घटनेच्या १५५ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती आपल्या सहीशिक्क्याच्या अधिपत्राद्वारे राज्यपालांची नेमणूक करतात. भारताचे नागरिकत्व आणि वयाची पस्तीस वर्षे पूर्ण असणे, एवढ्याच पात्रता १५७ व्या अनुच्छेदात आहेत. मुदत पाच वर्षांची असली तरी राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर पद, असे घटनेचे शब्द आहेत आणि राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागत असल्यामुळे त्यांचा व्यवहारातील अर्थ उघड आहे. उमेदवार कसा असावा याविषयी घटना मौन बाळगते. ही उणीव १९८३ साली नेमलेल्या सरकारिया आयोगाने भरून काढण्याचा प्रयत्न केला. व्यक्ती एखाद्या क्षेत्रात नामवंत असावी, त्या राज्याबाहेरील असावी, तेथील राजकारणात गुंतलेली नसावी, नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात फारशी वावरलेली नसावी आणि नेमणुकीपूर्वी मुख्यमंत्र्यांशी विचारविनिमय व्हावा, अशा त्या सूचना होत. राज्याबाहेरील व्यक्ती नेमण्याचा संकेत महाराष्ट्रात पूर्वीपासून पाळला गेला आहे. पहिले राज्यपाल श्रीप्रकाश वाराणसीचे होते. १९६२ ते १९६४ या काळातील राज्यपाल श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांचे पती रणजित पंडित मराठी घराण्यातले असल्याने त्यांच्या बाबतीत हा संकेत निम्माच पाळला गेला, असे गमतीने म्हणता येईल! सरकारिया आयोगाच्या इतर सूचनांचे पालन सर्वच राज्यांत आणि सर्वच काळात सारख्या काटेकोरपणे झाले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

मावळच्या मतदाराचा या नेमणुकीशी काहीच संबंध नाही काय? आहे, पण तो बराच लांबचा. मावळ विधानसभा मतदारसंघातून निवडून आलेले आमदार राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदान करतात. १९७१ च्या जनगणनेच्या आधारे महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे आणि २८८ आमदारांचे मिळून ते ५०,४०० होते. मावळ लोकसभा मतदारसंघाचे खासदारही या निवडणुकीत मतदार असतात. हा लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आहे आणि त्यात पुणे जिल्ह्यातील मावळ, पिंपरी व चिंचवड यांबरोबर रायगडमधील पनवेल, कर्जत व उरण हे भाग येतात. शिवाय हेच खासदार लोकसभेत केंद्रीय मंत्रिमंडळाचे बहुमत ठरवतात, आणि राज्यपालाचे नाव सुचवणारे तेच मंत्रिमंडळ. मतपेटीपासून राजभवनापर्यंतचा मार्ग असा वळणावळणाचा आहे.

कराच्या कायद्यात राज्यपालांचे स्थान

राज्याचा वार्षिक अर्थसंकल्प विधिमंडळापुढे राज्यपालांच्या नावाने ठेवला जातो. राज्याचा कर बसवणारे धनविधेयक त्यांच्या शिफारशीशिवाय विधानसभेत मांडता येत नाही, असे २०७ वा अनुच्छेद सांगतो. वरवर पाहता हा अधिकार मोठा वाटतो. वस्तुतः ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते आणि तिचा हेतू एवढाच की कराचा भार वाढवण्याचा प्रस्ताव शासनाच्या जबाबदारीवर यावा, कोणाही सदस्याला तो परस्पर मांडता येऊ नये. याच अनुच्छेदातील परंतुक फारसे कोणी वाचत नाही. कर कमी करणारी किंवा रद्द करणारी दुरुस्ती सुचवण्यासाठी अशी शिफारस लागत नाही. म्हणजे आपल्या भागातील व्यापाऱ्यांवरील राज्याच्या कराचा बोजा हलका करावा, अशी दुरुस्ती चालू विधेयकाला सुचवण्यास आमदार मोकळे असतात. दुसरी बारीक गोष्ट अशी की, नगरपरिषदेने किंवा पंचायतीने स्थानिक कामासाठी घ्यावयाच्या करांची तरतूद आहे, एवढ्यावरून कोणतेही विधेयक धनविधेयक ठरत नाही. स्थानिक कर हा राज्याच्या तिजोरीचा विषय नव्हे, असा भेद घटनाकारांनी येथे मुद्दाम केला आहे.

राज्यपालांचा स्थानिक करांशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीमुळे. दर पाच वर्षांनी राज्यपालांनी राज्य वित्त आयोग नेमावा आणि राज्याच्या कोणत्या करांतील किती वाटा पंचायती व नगरपरिषदांना द्यावा, कोणते कर त्यांच्याकडे सोपवावेत, याची शिफारस त्या आयोगाने करावी, असे २४३-झ आणि २४३-म या अनुच्छेदांत सांगितले आहे. आयोगाचा अहवाल व त्यावरील कार्यवाहीचे टिपण विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे. सरपंच, नगराध्यक्ष यांनी राज्यपालांच्या नावाने निघणाऱ्या इतर कोणत्याही आदेशापेक्षा या आदेशाकडे अधिक लक्ष द्यावे.

एरवी राज्यपालांचे पद ठळकपणे पुढे येते ते सरकार स्थापनेच्या आणि राष्ट्रपती राजवटीच्या वेळी. महाराष्ट्रात १९८०, २०१४ व २०१९ अशी तीनदा राष्ट्रपती राजवट आली. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी दिलेला आदेश समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात नमूद केले. हे प्रसंग महत्त्वाचे खरेच, परंतु व्यापाऱ्याच्या कराचा दर त्यांतून ठरत नाही.

जकात : नाक्यावरचा कर

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली. घाटमाथ्यावरील लोणावळा वाढले ते या दोन मार्गांमुळे. मार्गावरच्या गावाला उत्पन्नाचे सर्वांत स्वाभाविक साधन म्हणजे येणाऱ्या मालावरील कर. जुन्नरच्या नाणेघाटातला जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण याच प्रवृत्तीची आठवण देतो. महाराष्ट्रातील इतर नगरपालिकांप्रमाणे लोणावळ्यातही जकात हा नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता.

जकातीचे तत्त्व सोपे होते. शहराच्या हद्दीत वापर, उपभोग किंवा विक्री यांसाठी येणाऱ्या मालावर हद्दीवरच कर घ्यावयाचा. जो माल शहरातून केवळ पुढे जावयाचा, त्याच्यासाठी पास काढून दुसऱ्या नाक्यावर तो दाखवावयाचा. विक्री म्हणजे कोणाला केलेली विक्री, हा वाद मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो गेला बेळगावच्या नगरपालिकेमुळे. बर्मा शेल कंपनी विरुद्ध बेळगाव नगरपालिका या १९६३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, शहरात ग्राहकाला विकण्यासाठी आणलेल्या मालावर जकात लागते. मग तो ग्राहक माल शहरात वापरो की बाहेर घेऊन जावो. कंपनीने स्वतः पुन्हा हद्दीबाहेर पाठवलेल्या मालावर मात्र ती लागत नाही.

पर्यटनस्थळाच्या दृष्टीने या निकालाचा अर्थ फार मोठा आहे. मुंबईचा प्रवासी लोणावळ्यात उतरला, दुकानातून खाऊ घेतला आणि घरी घेऊन गेला, तरी त्या वस्तूवर शहराला जकात मिळत होती. हॉटेलात शिजणारे धान्य, बंगल्याच्या बांधकामाचे सिमेंट, चिक्कीसाठी येणारे शेंगदाणे व गूळ हे सारे नाक्यावरून आत येत असे. शहराचे पाणी, रस्ते आणि सफाई यांचा वापर करणारा पाहुणा नकळत त्या खर्चाचा थोडा वाटा उचलत असे. रहिवाशाइतकाच पाहुण्यालाही लागू होणारा हा एकमेव मोठा स्थानिक कर होता.

जकातीचे दोषही तितकेच ठसठशीत होते. नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत, इंधन व वेळ वाया जाई, मालाची किंमत ठरवताना वाद होत आणि गैरव्यवहाराला वाव मिळे. व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या मागणीनंतर १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या क्षेत्रांतील जकात रद्द झाली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून अनुदान सुरू झाले. महानगरपालिकांत ती पुढेही चालू राहिली. तिच्या जागी २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. पुणे व पिंपरी-चिंचवड येथे तो १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला, त्यावरून व्यापाऱ्यांनी मोठे आंदोलन केले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना त्यातून मुक्त करण्यात आले. मुंबईतील जकात ३० जून २०१७ पर्यंत टिकली. हा सारा इतिहास पाहता नगरपरिषदांनी जकात महानगरपालिकांच्या कितीतरी आधी सोडली आणि त्याची चर्चा मात्र फारच थोडी झाली, हे ध्यानात येते. द्रुतगती मार्गावरचा टोल पाहून काही जण जकात परत आली असे समजतात. टोल हे रस्ता वापरण्याचे मूल्य आहे, त्यातील रक्कम गावाच्या तिजोरीत येत नाही.

व्यवसाय कर आणि फेब्रुवारीचे तीनशे रुपये

शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या वेतनचिठ्ठीत दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो आणि फेब्रुवारीत ती रक्कम तीनशे होते. अकरा महिन्यांचे दोन हजार दोनशे व फेब्रुवारीचे तीनशे मिळून अडीच हजार. ही मर्यादा राज्याने आपल्या मनाने ठरवलेली नाही. २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवरील कराला एका व्यक्तीमागे वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये केली. तेव्हापासून रुपयाची किंमत कितीतरी घटली, पण मर्यादा तेथेच आहे. लोणावळ्यातील छोटा दुकानदार असो की प्रचंड उलाढालीची कंपनी असो, या कराखाली वर्षाला अडीच हजारांहून अधिक देणे कोणालाच लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा पंचवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या महिलांना या करातून सूट देण्यात आली आहे.

हा कर मूळचा स्थानिक स्वराज्य संस्थांचा. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७५ मध्ये स्वतंत्र कायदा करून तो राज्याकडे घेतला, आणि त्यामागे एक उदात्त योजना होती. १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली आणि १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्यभर पोहोचलेली रोजगार हमी योजना कायम चालवावयाची तर तिला हक्काचा पैसा हवा होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी योजनेची कल्पना मांडली, वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळाने ती उचलून धरली. शहरातील नोकरदार व व्यापारी यांनी व्यवसाय कर द्यावा, वाहने, विक्री, बागायती जमीन इत्यादींवरील काही अधिभारही त्यात मिळवावेत आणि जमलेल्या रकमेइतकीच भर राज्याने घालावी, अशी व्यवस्था झाली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशासाठी झालेल्या कायद्यास हाच अनुभव उपयोगी पडला. एका व्यापारी कराचा विनियोग कोणत्या कामासाठी हे इतक्या स्पष्टपणे सांगून तो घेतल्याचे दुसरे उदाहरण राज्याच्या इतिहासात सहसा सापडणार नाही. शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना करांची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा शिक्षकांनी स्वतःची वेतनचिठ्ठी फळ्यावर मांडली तर विषय लवकर समजेल.

स्थानिक संस्थांच्या बाजूने पाहिले तर मात्र येथेही एक साधन त्यांच्या हातून गेले आणि त्याची जागा अनुदानाने घेतली.

वस्तू व सेवा कर : निर्णय दिल्लीत, वास्तव्य लोणावळ्यात

१०१ व्या घटनादुरुस्तीने २०१६ मध्ये राज्यसूचीतील ५२ वी नोंद, म्हणजे स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराचा अधिकार, वगळण्यात आली. जकातीचा घटनात्मक आधारच त्यामुळे नाहीसा झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर सुरू झाला. त्याचे दर सुचवणाऱ्या परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश व सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. परिषदेच्या शिफारशी विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटले. व्यवहारात मात्र सर्व राज्ये एकच दर पाळतात. महाराष्ट्राची बाजू तेथे राज्याचे मंत्री मांडतात, ते विधानसभेला जबाबदार असतात. चिक्कीवरील कराबाबत लोणावळ्याच्या व्यापाऱ्याचे म्हणणे पोहोचावयाचे तर ते आमदारांमार्फत याच वाटेने पोहोचेल.

लहान व्यापाऱ्याला या कायद्याने काही दिलासा दिला आहे. केवळ मालाची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांपर्यंत असेल तर सामान्यतः नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्यास ही मर्यादा वीस लाखांची आहे. हॉटेलांपुरते पाहिले तर खोलीचे दिवसाचे भाडे साडेसात हजारांपर्यंत असल्यास २२ सप्टेंबर २०२५ पासून दर पाच टक्के आहे, त्याहून अधिक भाड्यावर अठरा टक्के. पूर्वी १९८७ च्या कायद्याने राज्य सुखसाधन कर घेत असे, तो यातच विलीन झाला.

खोलीवरील हा कर खोली जेथे आहे त्या राज्याला मिळतो, म्हणून त्याचा निम्मा भाग महाराष्ट्राच्या तिजोरीत येतो व निम्मा केंद्राकडे जातो. लोणावळा नगरपरिषदेकडे थेट काहीही येत नाही. महानगरपालिकांसाठी राज्याने २०१७ मध्ये नुकसानभरपाईचा स्वतंत्र कायदा केला, कारण त्यांचे उत्पन्न त्या वेळी बुडत होते. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच गेलेली असल्यामुळे त्या जुन्या अनुदानावरच राहिल्या. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या सुमारे ५७ हजार आहे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर जी गर्दी उसळते तिची मोजदाद कोणत्याही जनगणनेत होत नाही. कचरा उचलावा लागतो तो मात्र या सगळ्यांचा. पाहुण्याने खर्चलेल्या रुपयावरील कर मुंबई व दिल्लीला आणि त्याने टाकलेला कचरा लोणावळ्याला, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. पर्यटनस्थळांच्या नगरपरिषदांसाठी अनुदानाचा निकष केवळ लोकसंख्या न ठेवता येणाऱ्यांची संख्या विचारात घेणारा असावा, ही मागणी राज्य वित्त आयोगापुढे आकडेवारीसह मांडण्याजोगी आहे. वाहनतळाच्या पावत्या, उचललेल्या कचऱ्याचे वजन, सुट्ट्यांच्या दिवसांतील पाणीपुरवठा यांच्या नोंदी नगरपरिषदेच्या दप्तरातच मिळू शकतील.

हाती उरलेली साधने

उरतो तो मालमत्ता कर. नगरपरिषदेत त्याची आकारणी दर चार वर्षांनी फेरतपासली जाते, याद्या प्रसिद्ध होतात, हरकती मागवून सुनावणी होते. ग्रामपंचायतीत नमुना ८ ही आकारणीची आणि नमुना ९ ही मागणीची नोंदवही असते. २०१५ च्या अखेरीस सुधारलेल्या नियमांप्रमाणे ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर होते. मावळातील अनेक गावांत शेतघरे व बंगले उभे राहिले आहेत, त्यांपैकी काही सुट्टीच्या दिवसांत भाड्याने दिले जातात. अशी इमारत नमुना ८ मध्ये निवासी म्हणून नोंदलेली आहे की वाणिज्य वापराची, हे पाहणे ग्रामपंचायत सदस्याच्या अधिकारातील काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दर ठरवण्याआधी ग्रामसभेत त्याची चर्चा झाली तर वसुलीही सुलभ होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

आणखी दोन दारे उघडी आहेत. राज्यसूचीतील ६२ वी नोंद २०१६ मध्ये नव्याने लिहिली गेली आणि करमणुकीवरील कर पंचायत, नगरपरिषद इत्यादींनी बसवून वसूल करावयाचा असेल तेवढ्यापुरता राज्याच्या कायद्यात राहिला. म्हणजे जलक्रीडा उद्याने, मेणपुतळ्यांची संग्रहालये यांसारख्या ठिकाणांवरील स्थानिक कर घटनेला अमान्य नाही; कायद्याची चौकट मात्र विधिमंडळाने आखून द्यावी लागते. दुसरे दार यात्राकराचे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात त्याची तरतूद आहे. कार्ल्याजवळ एकवीरा देवीच्या डोंगराखाली वेहेरगाव आहे, चैत्राच्या यात्रेला तेथे कोकणातून मोठा समुदाय येतो. अशा गावी यात्राकर घ्यावा की भाविकांवर बोजा नको म्हणून स्वच्छतेचा खर्च इतर मार्गाने भागवावा, हा निर्णय सर्वस्वी गावाचा.

नगरपरिषदेचा प्रमुख कसा निवडावा, हे मात्र लोणावळेकरांच्या हाती नाही. थेट जनतेतून नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये ती बंद होऊन नगरसेवकांनी अध्यक्ष निवडावा असे ठरले आणि २०२२ मध्ये थेट निवडणूक पुन्हा आली. तिन्ही वेळा निर्णय राज्याचा होता. १९४९ मध्ये राज्यपालांविषयी जी शंका घटना समितीत निघाली तीच येथे निघते. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, असे झाले म्हणजे करवाढीचा ठराव अडतो आणि दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवतात. राज्यपालांच्या बाबतीत ती शंका नेमणुकीच्या पद्धतीने मिटवली गेली, कारण ते पद कारभाराचे नव्हते. नगराध्यक्षांच्या सहीने रोज कारभार चालतो, त्यामुळे तो मार्ग येथे उपलब्ध नाही. करासंबंधीचे ठराव मांडण्यापूर्वी सभागृहातील गटनेत्यांशी विचारविनिमय करण्याचा पायंडा पडला तर त्यावर काही प्रमाणात इलाज होईल. आकारणीच्या याद्या प्रसिद्ध होण्याच्या वर्षी तरी ही बैठक हरकतींची मुदत सुरू होण्याआधी व्हावी.